विणायची सुई आणि सात खळगे

शेजारच्या आजींनी तव्यावरची नजर न हलवता उजवा हात मागे नेला, खुर्चीवरच्या लोकरीच्या गुंड्यातून विणायची एक सुई उपसली आणि कपड्याने पुसली. मला वाटलं, विणकाम आवरतायत. त्यांनी ती सुई थेट तव्यातल्या पिठात खुपसली.

१ डिसेंबर २०२४, अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार. आम्ही ओडेन्सला राहतो, डेन्मार्कच्या फ्यून बेटावर. दुपारी पावणेचारला बाहेर अंधार पडायला लागला होता. टेबलावर फरच्या फांद्यांचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, आणि त्यातली पहिली नुकतीच पेटवलेली. नाताळच्या आधीचे चार रविवार एकेक मेणबत्ती वाढत जाते आणि या चारांपैकी एखाद्या तरी रविवारी घरात एब्लेस्कीवर, म्हणजे तव्यातल्या खळग्यांत केलेले गोल गोळे, होतात. आजींनी आम्हाला त्यासाठीच बोलावलं होतं. (डॅनिशमध्ये अहो-जाहो आता जवळपास उरलेलं नाही, दुकानदारापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना 'तू'. मीही त्यांना बोलताना 'तू'च म्हणते. पण त्यांच्याबद्दल मराठीत लिहायला बसले की हात आपोआप 'आजींनी' असंच लिहितो.)

ओट्याजवळ गेले आणि तोंडातून मराठीच निघालं, "अगं बाई, हे तर आप्पेपात्र!"

काळं, जड, बिडाचं. मध्ये एक आणि भोवती सहा, असे सात खळगे. आईच्या कुडाळच्या स्वयंपाकघरातल्या आप्पेपात्राला दोन कान आहेत, ह्याला एक लांब दांडा, फरक एवढाच. मी फोनवर आईचा फोटो दाखवला, त्यात ती शेगडीपाशी उभी आहे आणि समोर आप्पे फुगलेत. आजींनी चष्मा वर करून तो फोटो मोठा केला, आईकडे नाही, आप्पेपात्राकडे बघितलं, आणि विचारलं, "ती सुई कुठली वापरते?" मी सांगितलं, सुई नाही, चमचा. टोकदार चमच्याने उलटते आणि वर झाकण ठेवते. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. का पटलं नाही, ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

एब्लेस्कीवर ह्या शब्दाचा अर्थ सरळ आहे: एब्ले म्हणजे सफरचंद, स्कीवर म्हणजे चकत्या. पूर्वी त्यात खरंच सफरचंद असायचं. आता बहुतेक ठिकाणी ते नसतं, नाव मात्र चिकटून राहिलंय. पिठीसाखर आणि जॅम बाजूला घेऊन हे गोळे गरम गरम खायचे, हातानेच. बरोबर ग्लॉग, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, तळाशी बेदाणे आणि बदाम. दुकानात फ्रोझनच्या पिशव्या मिळतात आणि पुष्कळ घरांत त्याच ओव्हनमध्ये गरम होतात. आम्हीही इथे आल्यापासून तेच खाल्लं होतं आणि मला तो पदार्थ फारसा आवडलाही नव्हता. कोरडा, पावासारखा. आजींच्या हातचा पहिला गोळा फोडला तेव्हा आतून वाफ आली आणि वेलचीचा वास आला, आणि मी बराच वेळ गप्प बसले. वेलची म्हणजे माझ्यासाठी श्रीखंड, पुरण, दिवाळीतले लाडू. आजींसाठी वेलची म्हणजे डिसेंबर.

निघताना मी तवा मागून घेतला. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि म्हणाल्या, "साबण लावू नकोस." एवढीच सूचना. हा तवा त्यांच्या आईचा, बिडाच्या भांड्याला साबण लावायचा नाही हे मला सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं हे मला आवडलं.

प्रमाण त्यांच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. २५० ग्रॅम मैदा, ४ डेसिलिटर (म्हणजे ४०० मिली) केर्नेमेल्क, ३ अंडी, ५० ग्रॅम वितळवलेलं लोणी, १ टेबलस्पून साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, १ छोटा चमचा वेलची, १ छोटा सपाट चमचा खाण्याचा सोडा आणि एका लिंबाची किसलेली साल. केर्नेमेल्क म्हणजे इथलं ताक. पुठ्ठ्याच्या डब्यात मिळतं, आपल्या ताकापेक्षा दाट आणि चांगलं आंबट. एवढ्यात २८ गोळे होतात, म्हणजे सात-सातचे चार घाणे.

शनिवारी सकाळी मी पीठ कालवलं आणि तासभर झाकून ठेवलं. आप्प्याचं पीठ असंच मुरतं ना. रव्याचं असो की तांदूळ-उडदाचं, जितकं बसेल तितकं चांगलं, हे लहानपणापासून बघितलेलं. तासाने झाकण काढलं तर वर जे बुडबुडे आले होते ते सगळे विरून गेलेले, पीठ सपाट, थोडं चिकट. तरीही तवा तापवला, प्रत्येक खळग्याला तेलाचा हात फिरवला, पीठ पाऊण भरलं आणि वर झाकण ठेवलं. तीन मिनिटांनी उघडलं, चमच्याने पहिला गोळा उलटला. तो उलटला नाही, फाटला. वरचं कच्चं पीठ शेजारच्या दोन खळग्यांवर सांडलं. तीन गोळे तळाला चिकटून बसले, उरलेल्या चारांचा खालचा भाग अर्धगोल आणि वरचा भाग सपाट. आत कच्चे. दुसरा घाणाही तसाच. तिसरा मी लावलाच नाही.

मला वाईट वाटलं, कारण हे भांडं मला येतं अशी माझी खात्री होती. संध्याकाळी आजींकडे गेले आणि जे जे केलं ते ओळीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकेक गोष्ट सोडवली.

सोडा आणि ताक भेटले की लगेच गॅस तयार व्हायला लागतो. तो वायू पिठात अडकून ते हलकं होतं, पण तो थांबत नाही. तासभर ठेवलं तर तो उडून जातो. आपलं पीठ आंबतं ते जिवंत जंतूंमुळे, वेळ दिला की त्यांचं काम वाढत जातं. सोड्याचं काम लगेच सुरू होतं आणि लवकर संपतं. आजींच्या आईच्या वेळी यीस्ट घालून करायचे, त्या पिठाला उबेत तास दीड तास ठेवावंच लागायचं. म्हणजे माझी सवय चुकीची नव्हती, ती दुसऱ्या पिठाची होती. ह्या पिठासाठी क्रम असा: मैदा, ताक, पिवळे बलक, लोणी, साखर, मीठ, वेलची हे आधी कालवून अर्धा तास ठेवायचं, म्हणजे मैदा ओलावा पिऊन घेतो. तवा तापायला ठेवल्यावर सोडा घालायचा. आणि सगळ्यात शेवटी अंड्यांचे पांढरे, घट्ट फेसून, हलक्या हाताने दोन-तीन वेळांत मिसळायचे. फेस इतका घट्ट हवा की वाटी उलटी केली तरी पडू नये.

झाकणाचं उत्तर त्यांनी लगेच दिलं. झाकण ठेवलं की वाफ वरून शिजवते, मग वरचा भाग आहे तिथेच आळतो आणि सपाट राहतो. आप्प्याला ते चालतं, आप्पा एकदाच उलटायचा असतो. एब्लेस्कीवरला वरचा भाग शेवटपर्यंत पातळ हवा, कारण त्याच पिठातून उरलेला गोळा घडतो.

आणि मग सुई. हा भाग त्यांनी मला माझा हात धरून शिकवला, कारण तो सांगून कळत नाही.

खळग्यात आधी अर्धा छोटा चमचा लोणी. नुसता हात फिरवून भागत नाही, तळाशी थेंब साचलेला दिसला पाहिजे. पाण्याचा शिंतोडा टाकला की तो नाचला पाहिजे. मग पीठ, जवळजवळ काठोकाठ. पीठ पडताच कडेने बारीक चरचर होते आणि गोलाच्या परिघावर एक फिकट, कोरडी कड धरायला लागते. ही कड हीच खूण. साधारण दीड मिनिटाने, कड धरलेली पण मध्य अजून डुलणारा, अशा वेळी सुई कड आणि लोखंड ह्यांच्या मधल्या फटीत घालायची आणि वर ओढायची. गोळा उलटवायचा नाही. फक्त पाव वळसा. खाली शिजलेली वाटी आता उभी राहते, भिंतीला टेकलेल्या करवंटीसारखी, आणि तिच्यातलं कच्चं पीठ ओघळून रिकाम्या झालेल्या तळाशी जातं. तिथे ते शिजतं. मिनिटभराने पुन्हा पाव वळसा, पण थोडी दिशा बदलून. पुन्हा पीठ ओघळतं, तोंड लहान होतं. तिसऱ्या वळशाला तोंड मिटतं आणि आतमध्ये पोकळी कोंडली जाते. मग मात्र तो गोळा आपणहून फिरतो. सुईच्या टोकाने हलका धक्का दिला की खळग्यात गरगरतो, सगळीकडून सारखा बदामी होतो.

हे पहिल्यांदा माझ्या हातून झालं ते दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी, ८ डिसेंबरला. सहा गोळे बिनसले, सातवा मिटला. तो मधल्या खळग्यातला होता. मिटताना कडेला एक बारीक शिवण उरली होती, करंजीच्या कडेसारखी. ती शिवण मी खाली तळाशी धरली आणि अर्ध्या मिनिटात ती दिसेनाशी झाली. आजी काही बोलल्या नाहीत, त्यांनी सुई माझ्या हातातून काढून घ्यायचं थांबवलं एवढंच.

चमचा का चालत नाही ते आता हाताला कळलंय. चमचा रुंद असतो, तो गोळ्याला खालून उचलतो. सुई फक्त कड पकडते आणि गोळा स्वतःच्याच वजनाने कलतो. लाकडी काडीही चालते, आजींच्या सुनेकडे तीच असते. पण पोलादी सुई पिठाला धरून राहत नाही, आणि गोळा झालाय का ते बघायला तीच पोटात खुपसता येते: कोरडी बाहेर आली की झालं.

तुपाबद्दल थोडं लिहायलाच हवं. आजी खळग्यांत लोणी घालतात, आणि तिसऱ्या-चौथ्या घाण्याला ते जळून काळे ठिपके पडतात, वास कडवट होतो. काही जण त्यासाठी खोबऱ्याचं घट्ट तेल वापरतात, इथे त्याच्या वड्या मिळतात. मी घरी इथल्याच लोण्याचं तूप कढवते. लोण्यात जळतो तो दुधाचा अंश, तूप कढवताना तोच बेरी होऊन तळाशी बसतो आणि आपण गाळून टाकतो. म्हणून तूप त्याच आचेवर शांत राहतं. तिसऱ्या रविवारी मी तुपाची बरणी घेऊन गेले. चौथा घाणाही स्वच्छ, सोनेरी निघाला. आजींनी बरणी उघडून वास घेतला, बोटाने चाखलं, आणि त्यांच्या वहीत त्या पानावर लोण्याच्या पुढे पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. सत्तरएक वर्षांच्या वहीत माझ्या तुपाला जागा मिळाली ह्याचा मला फार आनंद झाला. वेलचीही मी घरचीच नेली होती, गावाहून आणलेली, सालीसकट ठेवलेली. इथे पूड बारीक डबीत मिळते आणि तिचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. खलबत्त्यात दाणे कुटले तेव्हा आजींचा नातू आतल्या खोलीतून विचारत आला, नाताळ आजच आहे का?

सफरचंदाचं म्हणाल, तर ते घालावंच असं माझं मत झालंय. फ्यून हे फळबागांचं बेट. शरदात गावाबाहेरच्या रस्त्यांवर फळांच्या टपऱ्या लागतात, माणूस नसतो, पैसे डब्यात टाकून पिशवी उचलायची. ऑक्टोबरमध्ये आणलेली इंग्रिड मारी जातीची सफरचंदं आमच्या बाल्कनीत खोक्यात होती, लाल, किंचित आंबट. ही जात ह्याच बेटावरची. कच्च्या फोडी घातल्या तर पाणी सुटून आतला भाग गिच्च होतो, हे एका घाण्यात कळलं. म्हणून बोराएवढे तुकडे तुपावर दोन मिनिटं परतून, गार करून, पहिल्या वळशाच्या आधी प्रत्येक खळग्यात एक. मग नाव आणि पदार्थ पुन्हा एकत्र येतात. आजींच्या मते मुलांना नको असतं. त्यांच्या नातवाने पाच खाल्ले.

आजींचा तवा मला परत करायचा होता. जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक मिळाला, खळग्यांत गंज धरलेला, दांड्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावलेली. आईला व्हिडिओवर दाखवला. ती म्हणाली, "अगं, बीड मरत नाही. घास आणि तापव." तारेच्या घासणीने गंज काढला, धुऊन लगेच शेगडीवर कोरडा केला, मग तेलाचा अगदी पातळ थर पुसून ओव्हनमध्ये पालथा घालून तासभर. असं तीनदा. थर जाड झाला तर चिकट होतो, पुसून पुसून वाटतं आता तेल उरलंच नाही, तेवढं पुरतं. पहिल्या दिवशी आईने आणखी एक सांगितलं, वांग्याचा देठ तुपात बुडवून खळगे पुसून घे. घावनाच्या तव्याला ती तेच करते. वांगं आणलं, भरीत केलं, देठ ठेवला. ब्रशचे केस जळतात, देठ जळत नाही आणि खळग्याच्या गोलाईला बरोबर बसतो. आता तोच माझा रोजचा ब्रश.

माझी शेगडी इंडक्शनची, नऊ आकड्यांची. सहावर तवा तापवते, पीठ घालताना पाचवर आणते. मधला खळगा सगळ्यांत जास्त तापतो, म्हणून बाहेरचे सहा आधी भरते आणि मधला शेवटी. वळवायला सुरुवात मात्र मधल्यापासून. हे वहीत नव्हतं.

२३ डिसेंबरला इथे छोटी नाताळची रात्र म्हणतात, आणि त्या संध्याकाळीही पुष्कळ घरांत एब्लेस्कीवर होतात. त्या दिवशी मी आजींना आमच्याकडे बोलावलं. त्या सुई घेऊन आल्या होत्या, पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. मी माझी दाखवली, त्यांनीच दिलेल्या जोडीतली दुसरी. त्यांनी स्वतःची पर्समध्ये परत ठेवली आणि खुर्चीवर बसल्या. सव्वीस गोळे मिटले, दोन नाही. ते दोन मी ताटलीत मागे ठेवले होते, त्यांनी तेच उचलले, म्हणाल्या, फाटलेल्यात जॅम चांगला शिरतो.

सगळं आईने फोनवर बघितलं, कुडाळला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन. तिने गोडे आप्पे लावले होते, गूळ, रवा, नारळ, आणि माझ्या शाळेतल्या स्वेटरची सुई शोधून काढली होती. "पाव वळवलं," ती म्हणाली, "पण पीठ खाली जात नाही गं. जागचं हलत नाही." बरोबरच आहे. रव्याचं पीठ दाट, ते ओघळत नाही, आणि ओघळल्याशिवाय गोळा घडत नाही. रवा पातळ केला तर तो तळाशी बसेल. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध घेऊन बघायचं असं आमचं ठरलंय, अंडं तिला चालत नाही, तेव्हा फेसाच्या जागी ताक आणि सोडा. तिला डेसिलिटर नको, वाटीचं माप हवंय. मी तिने दिलेली स्टीलची वाटी मापाच्या भांड्यात ओतून बघितली, बरोबर दीड डेसिलिटर भरते. ताक पावणेतीन वाट्यांच्या जरा खालीच. आता मैदा वाटीत घेऊन वजन करतेय.